क्लच गेला तर गाडी घरी कशी आणायची, आणि एरवी हा प्रयोग का करू नये
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, अंबड, नाशिक)

नमस्कार.

सर्व्हिसिंगला येणारी तरुण मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: क्लच न दाबता गिअर बदलला तर क्लच प्लेट जास्त टिकते, हे खरं का? दुसरा प्रश्न रात्री फोनवर येतो: "मेस्त्री, सिन्नरच्या अलीकडे उभा आहे, क्लचचं पेडल खाली जाऊन बसलंय, वर येत नाही. आता काय करू?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. म्हणून हे पत्रक.

क्लच न वापरता गाडी चालवता येते. आमचे थोरले मेस्त्री ट्रकवर क्लीनर म्हणून लागले तेव्हाच हे शिकले. पण ही अडचणीतून बाहेर पडायची विद्या आहे. रोज वापरायची नाही.

आत काय चालतं

इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील सतत फिरत असतं. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला त्यावर घट्ट दाबून धरते, त्यामुळे इंजिनचा जोर गिअर बॉक्समध्ये जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटचा दाब सुटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते.

गिअर बॉक्समध्ये गाडी पुढे नेणाऱ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. गिअर टाकताना सरकते ती स्लीव्ह. ती हव्या त्या गिअरला दातांनी पकडते. पकडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो, आणि ते काम सिंक्रो रिंग घासून करते. ही सोय मोटारींत १९२८ साली कॅडिलॅकने आणली. त्याआधी, आणि जुन्या ट्रकमध्ये पुढेही कित्येक वर्षं, ड्रायव्हर डबल क्लच मारून (एकदा न्यूट्रलला येताना आणि पुन्हा गिअर टाकताना, असा दोनदा क्लच दाबून) हा वेग स्वतः जुळवत असे.

मुद्दा इथेच आहे. क्लच दाबलेला असेल तर सिंक्रो रिंगला फक्त क्लच प्लेट आणि एका शाफ्टचा वेग बदलायचा असतो. क्लच दाबला नाही, तर अख्खं इंजिन फ्लायव्हीलसकट तिच्या गळ्यात पडतं. एवढ्याशा रिंगला ते ओढवत नाही. मग वेग जुळवायचं काम तुमच्या उजव्या पायावर येतं.

किती जुळवायचं? समजा गाडीचा तिसरा गिअर १.२८ चा आणि चौथा ०.९५ चा आहे, म्हणजे गिअर बॉक्सचा बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन तिसऱ्यात १.२८ वेळा आणि चौथ्यात ०.९५ वेळा फिरतं. तिसऱ्यात इंजिन २००० आरपीएमवर असेल, तर त्याच वेगाला चौथ्यात ते १५०० च्या आसपास हवं. म्हणजे वरचा गिअर टाकताना इंजिन खाली येऊ द्यायचं आणि खालचा टाकताना रेस देऊन वर न्यायचं. एवढं डोक्यात बसलं की बाकी हाताचं काम.

रस्त्यात क्लच गेला तर

आधी गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. गाडी थांबायच्या आत गिअर काढून न्यूट्रल करा. जोर असताना गिअर निघत नाही. रेसवरचा पाय हळू उचलत या. इंजिन गाडीला ओढतही नाही आणि रोखतही नाही असा एक क्षण येतो, तेव्हा दोन बोटांनी गिअर सुटतो. तो नाहीच निघाला तर ब्रेक दाबून गाडी थांबवा. इंजिन झटका देऊन बंद पडेल, पडू द्या. चालत्या गाडीत चावी मात्र काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल.

गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर पेडल दहा-पंधरा वेळा भराभर दाबून बघा. पेडल आपणहून वर येत नसेल तर पायाचा पंजा खालून लावून वर घ्या. ऑइल गळत असलं तरी थोडा दाब धरतो आणि चार-दोन वेळा गिअर टाकण्यापुरतं काम होतं. ऑल्टोसारख्या केबलच्या गाडीत केबल तुटली असेल तर याचा उपयोग नाही.

पुढे जायचंच असेल आणि रस्ता सपाट, मोकळा असेल, तर असं करा. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका. पुढे माणूस किंवा गाडी नाही याची खात्री करा. हँडब्रेक सोडा आणि सेल्फ मारा. गाडी धक्के खात पुढे सरकेल आणि इंजिन सुरू होईल. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. तिथे पेडल तळाशी दाबूनच सेल्फ मारा, पण एक ध्यानात असू द्या: गाडीला फक्त पेडल खाली गेलेलं कळतं, आत क्लच सुटला की नाही ते कळत नाही. त्यामुळे ती उडी मारणारच.

गाडी चालू लागली की रेस थोडी सोडा, पहिला गिअर हळूच न्यूट्रलला आणा. एक श्वास थांबा, इंजिनचा आवाज उतरू द्या. मग दुसऱ्या गिअरच्या दिशेने हलका दाब धरून ठेवा, ढकलू नका. वेग जुळला की गिअर आपणहून आत जातो. करकर ऐकू आली तर हात मागे घ्या. तिसराही असाच. घरी पोचायला दुसरा आणि तिसरा पुरतात. चौथ्या-पाचव्याच्या मागे लागू नका. खाली येताना न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, आवाज चढला की दुसरा टाका. हे वरचा गिअर टाकण्याहून अवघड आहे.

दर वेळी थांबलात की पुन्हा सेल्फवर गाडी उचलायची, आणि बॅटरी व स्टार्टर ते फार वेळा सोसत नाहीत. म्हणून सिग्नल लांबून बघा, वेग आधीच कमी करा, थांबायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

कुठे हे अजिबात करायचं नाही

कसारा घाट. नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा घाट. पेठ रस्त्यावरचा सावळघाट. चढावर सेल्फ गाडी उचलू शकत नाही. उतारावर न्यूट्रलला आणलेली गाडी पुन्हा गिअरमध्ये गेली नाही, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून सुटतात. घाटात क्लच गेला तर गाडी आहे त्याच गिअरमध्ये ठेवून पहिल्या सुरक्षित जागी थांबवा, चाकाला उताराच्या बाजूने दगड लावा, आणि माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. जिवाला धोका असेल तर ११२.

शहरात द्वारका, मुंबई नाका, शालिमार इथे संध्याकाळी असा प्रयत्न म्हणजे पुढच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर गाडी घालणं. टोइंगचे पैसे द्या. हे आम्ही मनापासून सांगतो, त्या गाडीचं काम आमच्याकडे येवो न येवो.

मग रोज केलं तर क्लच वाचतो का?

थोडा वाचेल, पण त्याची किंमत गिअर बॉक्स मोजेल. क्लच प्लेट झिजण्यासाठीच बनवलेली आहे. ती बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. सिंक्रो रिंग किंवा स्लीव्हचे दात गेले तर तो पूर्ण उघडावा लागतो. खर्च वाढतो आणि गाडी कित्येक दिवस आमच्याकडे अडकते. दहापैकी नऊ वेळा वेग बरोबर जुळला तरी दहाव्या वेळी दात घासतातच.

क्लच खरोखर वाचवायचा असेल, तर रविवार कारंजाच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय सोडा. हँडब्रेक लावा. सिग्नलला न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढा. चालत्या गाडीत डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका, त्याने रिलीज बेअरिंग जातं. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडच्या पिकअप आमच्याकडे जळक्या वासासकट येतात. भरलेली गाडी शेताच्या चढावर दुसऱ्या गिअरवर उचललेली असते. पहिला गिअर त्यासाठीच दिलेला आहे.

क्लचचं पेडलच नको असेल, तर तशा गाड्या मिळतात. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ एएमटीसह आणली: त्यात क्लच आणि गिअर दोन्ही मशीनच सांभाळतं. २०२० मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूत आयएमटी आलं: गिअर हाताने टाकायचा, क्लच मशीन सांभाळतं. क्लच प्लेट दोन्हींत असते आणि झिजतेही, एवढं विकत घेताना लक्षात ठेवा.

क्लच आधी सांगतो

पेडल दिवसेंदिवस जड होत चाललं असेल तर केबलच्या तारा सुटू लागल्या असतील. पेडल मऊ पडलं किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली जातेय, तर हायड्रॉलिक गळतंय; कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच डब्यातून जातं, म्हणून हे एक दिवसही टाळू नका. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी तशी पळत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. क्लच दाबल्यावरच घरघर येते, ते रिलीज बेअरिंग. रिव्हर्स टाकताना करकर होते, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये.

यातलं काहीही जाणवलं तर गाडी दाखवायला आणा, तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त निघण्याआधी क्लचच्या पेडलखालची मॅट उचलून बघा. ती गोळा होऊन पेडल अडल्यामुळे गिअर पडत नाही, अशा गाड्याही आमच्याकडे येतात.