आसावर चाक: जुन्या धाटणीच्या, घरी बांधलेल्या विमानांची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातल्या विमानांसारखे दिसणारे हलके विमान स्वतःच्या शेडमध्ये बांधू पाहणाऱ्या माणसाला पंखांची, कापडाची आणि इंजिनाची काळजी पहिल्या दिवसापासून असते. चाकांचा विचार मात्र बहुधा मागे राहतो. तारांचे मोठे, सडपातळ चाक सायकलच्या किंवा मोपेडच्या दुकानात मिळते, ते आणलेही जाते, आणि मग ते विमानाच्या आसावर बसवायचे कसे, येथे काम अडते. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आसावर कशावर फिरणार, बाजूने जोर आला तर चाक सरकू किंवा निसटू नये म्हणून त्याला काय अडवणार, आणि हा सगळा भार पुढे विमानाच्या सांगाड्यात कोणत्या वाटेने जाणार, हे ते तीन प्रश्न होत. शंभर वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यांनी त्यांची उत्तरे शोधलेली आहेत, आणि ती नीट समजून घेतली तर विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, जिथे लेथ, वेल्डिंग आणि बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाके दुरुस्त करणारा हात उपलब्ध आहे, तिथेही हे काम चोख होऊ शकते, असे माझे मत आहे.

तारांचे चाक विमानाने सायकलकडून घेतले, हे खरे असले तरी या चाकाचे मूळ त्याहून जुने आहे. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या नियोजित उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून ताणलेल्या आऱ्यांची कल्पना वहीत मांडली होती. बंडीचा लाकडी आरा दाब सोसतो, म्हणून तो जाड असावा लागतो. केलींच्या चाकातला आरा ताण सोसतो, त्यामुळे तिथे बारीक तारही पुरते. ही कल्पना पुढे सायकलवाल्यांनी उचलली, १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवेच्या टायरची भर पडली, आणि विमान प्रत्यक्ष उडू लागेपर्यंत असे चाक युरोप-अमेरिकेच्या प्रत्येक गावात तयार मिळू लागले होते.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला मात्र चाकेच नव्हती. ते साठ फुटांच्या लाकडी रुळावरून एका छोट्या गाड्यावर धावले, आणि त्या गाड्याची चाके म्हणून सायकलचे फेरफार केलेले हब वापरले होते. उतरताना विमान लाकडी घसरपट्ट्यांवर टेकले. पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी १९०६ मध्ये चाकांवर धावून उड्डाण केले. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओ यांच्या विमानात तर एक फार विचारपूर्वक केलेली सोय होती: मुख्य चाके उभ्या खुंट्याभोवती आपोआप वळू शकत, त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान तिरके उतरले तरी चाक धावण्याच्या दिशेला फिरे आणि तारांवर बाजूचा जोर कमी येई. सायकलचे चाक बाजूच्या जोरापुढे दुबळे ठरते, हे इतक्या लवकर ओळखले गेले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला टपाल घेऊन गेलेले, भारतातील पहिल्या हवाई टपालाचे विमान याच पिढीतले.

युद्धाच्या काळात ही नाजूक सोय मागे पडली आणि साधा, सरळ आस रूढ झाला. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन जोड्या टेकूंच्या खालच्या टोकांशी पोलादी नळीचा आस आडवा ठेवायचा आणि तो रबरी दोराने, म्हणजे बंजी कॉर्डने, अनेक वेढे देऊन करकचून बांधायचा. चाक जमिनीवर आपटले की आस वर उचलला जाई, दोर ताणले जात आणि धक्का तिथेच जिरे. युद्धाच्या उत्तरार्धात जर्मनीला रबराची टंचाई भासू लागली, तेव्हा काही विमानांत दोराच्या जागी पोलादी स्प्रिंगा आल्या. फोकर कंपनीच्या तीन पंखी विमानात आसाभोवती छोटा पंखच बसवलेला होता. चाकाच्या दोन्ही बाजूंना कापड ताणून लावत, कारण उघड्या तारा हवेला मोठा अडथळा करतात.

आसाच्या टोकाशी या सगळ्यांची रचना जवळपास सारखीच होती. आतल्या बाजूला आसावर पक्के बसवलेले कडे, त्याला टेकून वॉशर, मग आत काशाचे बुश, म्हणजे आसावर सरकणारी गुळगुळीत नळी, असलेला लांब हब, पुन्हा वॉशर, आणि शेवटी आसातून आरपार जाणारी पिन. यात बॉल बेअरिंग असलेच पाहिजे असे नव्हते. विमानाचे चाक एका उड्डाणात फार थोडे अंतर धावते आणि तेवढ्यासाठी ग्रीस लावलेले बुश पुरते.

विदर्भातल्या वाचकाला ही रचना नवी वाटू नये, कारण बंडीचे चाकही असेच बसते. लोखंडी कणा जागचा फिरत नाही, दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली फिरतात, लाकडी तुंब्याच्या आतले लोखंडी कडे वंगणावर सरकते, आत कण्याचा खांदा आणि बाहेर चकती व खीळ चाकाला जागेवर धरतात. शंकरपटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीत, भरधाव गाडी एकाएकी बाजूला ओढली जाते तेव्हा सगळा आडवा जोर त्या खिळीवर आणि खांद्यावर येतो, आणि खीळ झिजलेली असेल तर चाक निखळते. जुन्या विमानाचे चाक दिसायला सायकलचे असले, तरी त्याची बसवण बंडीची आहे, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यानेच बहुतेक चुका होतात.

सायकलच्या पुढच्या चाकाचा आस सुमारे आठ मिलिमीटर जाडीचा असतो आणि चिमट्याच्या दोन्ही पायांत धरलेला असतो. शिवाय सायकल वळताना झुकते, त्यामुळे भार जवळजवळ चाकाच्या प्रतलातच राहतो. विमानाचे चाक एकाच बाजूने धरलेले असते आणि विमान जमिनीवर झुकू शकत नाही; म्हणून तिरके टेकले की चाकाला आडवा रेटा बसतो आणि आसाला वाकवणारा भार येतो. भरीव आसाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: जाडी दुप्पट केली की ताकद आठपट होते. म्हणूनच सायकलचा आस काढून तिथे जाड पोलादी नळी घालावी लागते, आणि ती जुन्या हबमध्ये मावत नसल्याने हबही नवा करावा लागतो. नवा हब लेथवर करायचाच तर तो रुंद करावा. तारा ज्या दोन कडांना अडकतात त्यांतले अंतर वाढले की तारांचा तिरपेपणा वाढतो आणि चाक बाजूच्या जोराला टिकते. आपल्याकडच्या साध्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, म्हणून मागचे चाक निवडण्याचा मोह होतो; पण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी त्या चाकाच्या साखळीकडच्या तारा अधिक उभ्या ओढलेल्या असतात, आणि तेवढ्या बाबतीत ते एका बाजूने कमजोरच असते. मोपेडची किंवा मोटारसायकलची रिम घेऊन, जाड तारांनी ती नव्या रुंद हबवर विणणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

छिद्र कुठे पाडायचे, यालाही तितकेच महत्त्व आहे. आसावरचा वाकवणारा भार टोकाशी जवळजवळ शून्य असतो आणि टेकूच्या जोडापाशी सर्वाधिक. त्यामुळे बाहेरच्या पिनेचे छिद्र निर्धास्त पाडावे, आतले कडे मात्र शक्यतो छिद्र न पाडता आवळून बसवावे. छिद्र पाडणे भागच असेल तर ते आडवे, पुढून मागे जाणारे असावे. उभ्या भाराचा ताण आसाच्या वरच्या आणि खालच्या कडेला असतो, पुढच्या-मागच्या बाजूला तो कमी असतो. फिरणारा हब पिनेला थेट घासू नये म्हणून मधला वॉशर हवाच, आणि नट वापरला तर स्प्लिट पिनेशिवाय त्यावर विसंबू नये.

युद्धानंतर सरळ आस हळूहळू मागे पडला. तो जमिनीलगत आडवा असल्याने उंच गवतात आणि उभ्या पिकात अडकतो. आपल्याकडे पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) किंवा तुरीच्या शेतात उतरायची वेळ आली तर काय होईल, हे सांगायला नको. मधोमध दुभागलेले आस, ओतीव धातूची चाके, रोलर बेअरिंग आणि ब्रेक आले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि चार महानगरांतून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला सोनेगाव येथे एकत्र येऊ लागली, तोवर तारांचे चाक आणि बांधलेला आस व्यावसायिक विमानांतून केव्हाच गेले होते.

हौशी लोकांनी ते जपले. अमेरिकेत बर्नार्ड पिटनपॉल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्ड मोटारीच्या इंजिनावर चालणारे लाकडी विमान बांधले. त्याचे आराखडे १९३२ मध्ये छापले गेले आणि सरळ आस, तारांची चाके व रबरी दोर असलेली ती विमाने आजही नव्याने बांधली जातात. १९५३ मध्ये तिथे घरी विमान बांधणाऱ्यांची मोठी संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधायला घेतलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. ते धातूचे, आधुनिक घडणीचे विमान आहे, पण घरी बांधलेल्या विमानाला आपल्या देशातही वाट आहे, हे त्याने दाखवले.

आज जुन्या धाटणीचे विमान बांधणाऱ्यापुढे एक अडचण नव्याने उभी राहते. जुनी मैदाने गवताची आणि चौफेर मोकळी असत. वारा असेल त्या दिशेला तोंड करून उतरता येई, आणि गवतावर चाक थोडे घसरत असल्याने आडवा जोर कमी पडे. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी घ्या किंवा यवतमाळची, ती एकाच रेषेत असते आणि तिचा पृष्ठभाग चाकाला घट्ट धरून ठेवतो. वारा आडवा असला की तारांच्या चाकाला जुन्या काळापेक्षा जास्त सोसावे लागते. शेताकडेच्या कच्च्या पट्टीवर पावसाळ्यात काळी माती तारांमध्ये भरते, दोन्ही चाकांचे वजन वेगवेगळे होते. कापडी आवरण तिथे दिखाव्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पक्क्या धावपट्टीवर ब्रेकही हवासा वाटतो, आणि ब्रेक लावला की मूळ रचनाच बदलते. हबपासून रिमकडे सरळ जाणाऱ्या तारा पीळ पेलू शकत नाहीत, त्यामुळे त्या एकमेकींना छेद देत तिरक्या विणाव्या लागतात. दोराने बांधलेला आसही ब्रेक दाबताच चाकाबरोबर फिरू पाहतो. तो फिरू नये म्हणून आसाला एक आडदांडा पक्का करून त्याचे दुसरे टोक टेकूशी सैल बिजागरीने जोडावे लागते, म्हणजे आस वर-खाली हलतो पण स्वतःभोवती फिरत नाही. ज्यांना हा दांडा नको असेल त्यांनी ब्रेकविना, शेपटीच्या घसरपट्टीवर थांबणारे विमान बांधावे आणि ते गवती पट्टीवरच उडवावे.