ग्राहकयादीची आयातपूर्व तयारी

ग्राहकयादीची आयातपूर्व तयारी : स्प्रेडशीटमध्ये ठेवलेली ग्राहकांची माहिती ग्राहक व्यवस्थापन प्रणालीत (सीआरएममध्ये) चढवण्याआधी तपासून, एकसारखी करून, त्या प्रणालीला वाचता येईल अशा रूपात आणण्याची प्रक्रिया. कचेरीतल्या बोलण्यात हिला 'डेटा क्लीनिंग' किंवा नुसते 'शीट साफ करणे' म्हणतात. एक्सेलच्या रकान्यांची प्रणालीतील रकान्यांशी जोडी लावणे, म्हणजे 'मॅपिंग', हा तिचा शेवटचा आणि तुलनेने सोपा टप्पा होय.

उगम : सीआरएम ही संज्ञा साधारणतः १९९० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली. तिचे जनकत्व कोणी सीबल सिस्टिम्स या सॉफ्टवेअर-कंपनीचे टॉम सीबल यांच्याकडे, कोणी गार्टनर या संशोधनसंस्थेकडे, तर कोणी आयबीएमकडे देतात. विपणनाचे अभ्यासक लिओनार्ड बेरी यांनी १९८३ मध्येच 'रिलेशनशिप मार्केटिंग'ची, म्हणजे ग्राहकाशी नाते टिकवणाऱ्या विपणनाची, मांडणी केली होती आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅक्ट' या प्रणालीने संपर्कांची वही संगणकावर आणली होती. हे पाहता संज्ञा एकट्याने घडवली असे मानण्यापेक्षा ती विक्रेते व सल्लागार यांच्या व्यवहारातून स्थिरावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आयातीचे वाहन असलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेला साधा मजकूर) या फाइल-प्रकाराचा कालनिर्णयही असाच सैल आहे. स्वल्पविरामाने वेगळी केलेली मूल्ये वाचण्याची सोय १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोर्ट्रान या संगणकभाषेच्या संकलकात (कंपायलरमध्ये) होती, असे सामान्यतः धरले जाते. पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ ची. म्हणजे हा प्रकार लोकप्रिय स्प्रेडशीटहून जुना ठरतो. 'सीएसव्ही' हे नाव मात्र १९८३ पर्यंत वापरात आलेले दिसते. लेखी नियम त्याहून कितीतरी उशिरा, ऑक्टोबर २००५ मध्ये, याकोव्ह शाफ्रानोविच यांच्या आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक तांत्रिक टिपणाने आले, आणि तेही बंधनकारक मानक म्हणून नव्हे, तर माहितीपर. मधल्या तीसेक वर्षांत प्रत्येक आज्ञावलीने आपापला पाठ रूढ केला होता. युरोपातील अनेक देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. तिथे एक्सेल रकाने अर्धविरामाने तोडते. आपल्याकडच्या पत्त्यात 'फ्लॅट ४, दुसरा मजला, गणेश मंदिरामागे' असे स्वल्पविराम हमखास असतात. असा मजकूर दुहेरी अवतरणात नसेल, तर मंदिर शहराच्या रकान्यात जाते आणि शहर पिनकोडच्या. एकाच सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून दोन ओळी केल्या असतील, तर साधेसुधे वाचक-सॉफ्टवेअर तिथे नोंद संपली असे समजते.

अंक व तारखा : बहुतेक हानी आयातीच्या वेळी होत नाही, ती त्याआधी, फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करताना होते, आणि अनेकदा कोणतीही सूचना न देता होते. देशाचा ९१ हा संकेतांक लावलेला मोबाइल क्रमांक १२ अंकी होतो. 'जनरल' (प्रकार न ठरवलेल्या) सेलमध्ये ११ पेक्षा जास्त अंकांची संख्या एक्सेल घातांकी रूपात दाखवते, उदा. ९.१९८७७ई+११. सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसते तेच लिहिले जाते. म्हणजे शेवटचे सहा अंक कायमचे गेले. सुरुवातीचे अंक सारखे असलेले कित्येक ग्राहक मग एकाच क्रमांकाचे ठरतात, आणि जुळणी मोबाइलवरून होत असेल तर प्रणाली त्यांना एकमेकांत विलीन करते. सोळा व त्याहून अधिक अंकांचे बँक-खाते क्रमांक १५ अंकांनंतर शून्ये होऊन येतात. पुण्याचा ०२० हा एसटीडी संकेतांक २० उरतो. भारतीय पिनकोड शून्याने सुरू होत नसल्याने ते वाचतात. पण न्यू जर्सीतील एडिसनच्या मराठी ग्राहकाचा ०८८२० हा झिपकोड ८८२० होतो. यावर उपाय एकच खात्रीचा : फाइल दुहेरी टिचकीने न उघडता 'डेटा' मेनूतून घ्यावी आणि असे सर्व रकाने 'टेक्स्ट' ठरवूनच आणावेत. मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवावी.

तारखांचा घोळ अधिक फसवा असतो. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर १३/०४/२०१९ ही तारीख म्हणून ओळखली जात नाही, मजकूर म्हणून तशीच राहते; ०३/०४/२०१९ मात्र निमूटपणे ४ मार्च होते. एकाच रकान्यातील काही नोंदी बरोबर आणि काही उलट्या, आणि दिसायला सगळ्या ठीक. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम (२०१९-०४-०३) घ्यावा. जन्मवर्ष दोन अंकी लिहिले असेल तर शतक एक्सेल स्वतःच ठरवते, उदा. '२८' चे २०२८ करते.

ओळींची मर्यादाही तपासावी. जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, २००७ पासूनच्या प्रकारात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील कोव्हिडच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकड्यांतून सुटल्या, त्याच्या मुळाशी ही जुनी मर्यादा होती.

मराठी नावे : प्रणालींत 'फर्स्ट नेम' व 'लास्ट नेम' अशी दोन घरे असतात. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेपासून आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, असा क्रम चालत आला आहे. एक्सेलच्या 'टेक्स्ट टू कॉलम्स' या सोयीने नाव मोकळ्या जागेवर तोडले, की 'कुलकर्णी' हे पहिले नाव होते आणि वडिलांचे नाव आडनाव. उपाधी वेगळ्या रकान्यात काढणे हे तर कर्तव्यच मानले पाहिजे. जुन्या यादीत कोणी काळजीपूर्वक 'कै.' लिहून ठेवलेले असते. ते नावातच राहिले तर त्या घरी वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात. असा संदेश वाचणाऱ्या घरच्यांना काय वाटेल, हे शीट साफ करणाऱ्याने आधी मनात आणावे. अशा नोंदीसाठी 'हयात नाही' ही स्थिती स्वतंत्र ठेवावी.

देवनागरी मजकुराच्या अडचणी दोन प्रकारच्या. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या यादीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठवलेली असतात. सीएसव्हीत फाँट टिकत नाही, त्यामुळे आधी युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या सामायिक संगणकीय संकेतांत) रूपांतर करून ऱ्हस्व वेलांटी व रफार नजरेने तपासावे लागतात. युनिकोड मजकूर 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून (यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत) सेव्ह न करता साध्या सीएसव्हीत ठेवला, तर सगळी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात. उलट यूटीएफ-८ फाइल चुकीच्या संकेतनाने वाचली, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन परकी अक्षरे येतात; 'राम' नऊ अक्षरांचा होतो. फाइलच्या आरंभी येणारी तीन बाइट्सची अदृश्य खूण काही प्रणालींत पहिल्या मथळ्याला चिकटते, आणि 'नाव' हा रकाना समोर असूनही सापडत नाही.

दुबार नोंदी : दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का, या प्रश्नाचा सांख्यिकीय पाया फेलेगी व सन्टर यांनी १९६९ मध्ये घातला. त्याहून जुनी, उच्चारावरून नावे जुळवणारी साउंडेक्स पद्धत (पेटंट १९१८) आजही अनेक साधनांत आहे. पण ती पहिले अक्षर तसेच ठेवते. 'वाघ' हे आडनाव रोमनमध्ये कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने, आणि साउंडेक्सला ते दोघे वेगळे वाटतात. देवनागरीतही सुटका नाही. 'गोऱ्हे' मधला अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊनही. पडद्यावर दोन्ही एकच, संगणकाला भिन्न. मोकळ्या जागांचेही तसेच : एक्सेलचे 'ट्रिम' जादाची साधी जागा काढते, संकेतस्थळावरून चिकटवताना आलेली न तुटणारी जागा काढत नाही.

आयातीचा क्रम : आधी संस्था, मग त्यांतील व्यक्ती, मग व्यवहार. प्रत्येक नोंदीला जुन्या यादीतील क्रमांक जोडून ठेवावा, म्हणजे चूक निघाल्यास तीच नोंद शोधून सुधारता येते. सेल्सफोर्स या सीआरएम प्रणालीतील १५ अक्षरी ओळखक्रमांकात लहान व मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात, पण एक्सेलचे 'व्हीलुकअप' (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणारे सूत्र) तो भेद मानत नाही. तिथे १८ अक्षरी क्रमांकच घ्यावा. आधी दहा-वीस नोंदी चढवून पाहाव्यात, आणि त्या निवडताना जोडाक्षरी नाव, लांब पत्ता व परदेशी क्रमांक असलेल्या मुद्दाम घ्याव्यात.

संमती : भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती व ती मागे घेण्याचा हक्क यांना स्थान आहे. त्यामुळे संमती केव्हा व कशासाठी दिली, याचा रकाना तयारीच्या वेळीच जोडतात.