पृथ्वीला दुसरा चंद्र मिळालेला नाही

‘पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला’ हा फॉरवर्ड निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर दर काही महिन्यांनी परत येतो. परवा शेजारच्या काकू नातवाला घेऊन गच्चीवर तोच शोधत होत्या. वाईट वाटलं, म्हणून हा खुलासा.

मूळ गोष्ट खरी आहे. 2016 मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला कामोओआलेवा हा लघुग्रह सापडला. पण तो पृथ्वीभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरतो, तोही जवळपास आपल्याइतक्याच, साधारण एका वर्षात. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या दोघी आठवा. एक कधी थोडी पुढे, कधी मागे, कधी आतून, कधी बाहेरून. दुसरीला वाटेल, ही माझ्याभोवतीच फिरतेय. फेऱ्या मात्र दोघींच्याही वडालाच! म्हणूनच त्याला ‘अर्ध-उपग्रह’ म्हणतात.

तो जवळ आला तरी सुमारे दीड कोटी किलोमीटरवर असतो. चंद्र पावणेचार लाखांच्या आसपास. आकार फार तर 100 मीटर, स्वतःभोवती गिरकी 28 मिनिटांत. घरच्या दुर्बिणीतूनही तो दिसायचा नाही. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्याच्यावरून परतणारा प्रकाश चंद्रावरच्या खडकांशी जुळतो, त्यामुळे तो चंद्राचाच उडालेला तुकडा असावा असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्याची माती आणायला चीनचं तियानवेन-2 यान मे 2025 मध्ये निघालं.