शाकाहारी खाद्यचिन्ह : प्राणिजन्य घटकांची व्याख्या

वेष्टनबंद अन्नातील कोणता घटक प्राणिजन्य मानावा, हे ठरवणारी कायदेशीर व्याख्या. अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ यांमध्ये ती साधारणपणे २०००-०१ च्या दुरुस्त्यांनी आली. सध्या २०२० चे लेबलिंग व प्रदर्शन विनियम लागू आहेत. त्यांनुसार प्राणी, पक्षी, कीटक, गोड्या वा खाऱ्या पाण्यातील जीव यांचा संपूर्ण देह किंवा अंश, अंडी अथवा कोणताही प्राणिजन्य पदार्थ असलेले अन्न मांसाहारी ठरते. दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण, कार्नोबा मेण व शेलॅक यांना त्यातून वगळले आहे.

ही यादी एका तत्त्वावर उभी नाही. कार्नोबा मेण ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे, म्हणजे मुळातच वनस्पतिजन्य, तर शेलॅक हा लाखेच्या किड्याचा स्राव आहे. चीजच्या मानकात मात्र अप्राणिज रेनेट (दूध साकळवणारे विकर) सांगून काळजी घेतलेली दिसते. वेष्टनावर घटकाच्या नावाऐवजी छापल्या जाणाऱ्या सांकेतिक क्रमांकांची अडचण अधिक गंभीर आहे, कारण ६३१ क्रमांकाचा स्वादवर्धक मांस किंवा माशापासून बनतो तसाच टॅपिओकाच्या किण्वनातूनही. दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी केवळ क्रमांक न देता घटकाचा उगम स्पष्ट करण्यास सांगितले, आणि ही भूमिकाच अधिक ग्राह्य वाटते.

कोकण किनाऱ्यावर संदिग्धता मुख्यतः समुद्री उपपदार्थांमुळे निर्माण होते. मालवणीत 'शिवराक' म्हटले की मासळी नसलेले जेवण एवढे सर्वांना कळते. पण मासळीचा वास वा काटा जिथे उरत नाही, तिथे जिभेला काही समजत नाही. माशाच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून (घोळ माशाच्या वाताशयाला कोळी 'भोत' म्हणतात) मद्य निवळण्यासाठी आयसिंग्लास बनवता येते, आणि मद्याला तर या चिन्हाची सक्तीच नाही. कोळंबीच्या कवचांपासून कायटोसन मिळते, माशांच्या कातडीपासून जिलेटिन. समुद्री शेवाळापासून काढलेले अगरही जिलेटिनसारखेच घट्ट थिजते. एका वाटीतली जेली दुसरीपासून नजरेने ओळखणे कठीण, तरी अगरच्या जेलीला हिरवे वर्तुळ मिळते आणि जिलेटिनच्या जेलीला तपकिरी त्रिकोण. मांसाहारी चिन्हही पूर्वी वर्तुळच होते. ज्यांना हिरवा व तपकिरी रंग वेगळा दिसत नाही, त्यांना आता आकाराचा आधार आहे.

अगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, बाजारात टोपलीतून सुट्टा विकला जाणारा जवळा या नियमांच्या कक्षेत येत नाही. त्याचीच चटणी कुटून पाकिटात भरली, की दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असल्यास किमान २.५ मिलिमीटर बाजूचा तपकिरी त्रिकोण त्यावर छापावा लागतो.