दिव्यांग अर्थसाहाय्य : मंजुरी व नामंजुरीचे प्रमाण (ठाणे–नवी मुंबई)

दिव्यांगत्वामुळे देय असलेले अनुदान, निवृत्तिवेतन किंवा विमालाभ यांसाठी आलेल्या दाव्यांपैकी किती मान्य झाले व किती फेटाळले गेले, याचे शेकडा प्रमाण. ठाणे व नवी मुंबईतील अर्जदाराला वैद्यकीय आणि आर्थिक अशा दोन कसोट्यांतून जावे लागत असल्याने एकाच कार्यालयाच्या आकड्यावरून हे प्रमाण कळत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले जातात व बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. जिल्हा रुग्णालयात किंवा अन्य प्राधिकृत रुग्णालयात तपासणी होऊन ३८ टक्क्यांचा दाखला मिळाला, तर रुग्णालयाच्या दृष्टीने अर्ज निकाली निघतो, पण अर्जदाराच्या हाती अनुदान पडत नाही. या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची अट तर ८० टक्क्यांची आहे.

खरी गळती दुसऱ्या कसोटीत होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात. मात्र त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये, असावे लागते. घरातील एक माणूस रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये मजुरीला जात असेल, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. या शहरांतील घरभाडे आणि औषधपाण्याचा खर्च पाहता ती अन्यायकारकच म्हटली पाहिजे. उत्पन्नाचा दाखला मिळणार नाही हे ठाऊक असल्याने पुष्कळजण अर्जच करत नाहीत आणि नामंजुरीच्या आकड्यात ते कधीच दिसत नाहीत. महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याची अट स्थलांतरित कुटुंबांना अडवते. दिघा ते बेलापूर हा भाग ठाणे तहसीलकडे, तर खारघर-कामोठे रायगड जिल्ह्यातील पनवेल तहसीलकडे येत असल्याने नवी मुंबईची आकडेवारी दोन जिल्ह्यांत विभागली जाते. त्रुटी काढून परत पाठवलेले व प्रलंबित अर्ज एकूण संख्येत धरले की वगळले, यावरही टक्केवारी बरीच बदलते.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील विमाधारक कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. तेथे कौटुंबिक उत्पन्नाची अट नसते. कायमच्या अपंगत्वामुळे मिळकतक्षमता किती घटली, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. कमी टक्केवारी देऊन मान्य केलेला दावाही मंजूर दाव्यांतच मोजला जातो, म्हणून या क्षेत्रातील असमाधान नामंजुरीपेक्षा वैद्यकीय अपील न्यायाधिकरण व कर्मचारी विमा न्यायालय यांच्याकडील अपिलांतून अधिक स्पष्ट होते.