भूमिगत टाकीच्या गळती-शोधक उपकरणांची वार्षिक चाचणी: रिपोर्ट नेमका कुठे अडकतो

अमेरिकेत जमिनीखालच्या इंधन टाक्यांवरची गळती शोधणारी उपकरणं दरवर्षी तपासून घ्यावी लागतात. २०१५ च्या संघीय नियमांनी ही सक्ती आणली आणि पहिल्या चाचणीची संघीय मुदत १३ ऑक्टोबर २०१८ होती. तरीही रिपोर्ट परत येतातच. टाकी गळतेय म्हणून क्वचित, कागद अर्धवट म्हणून बहुतेक वेळा.

नियम फक्त गॅस स्टेशनला नाही. हॉस्पिटलच्या आपत्कालीन जनरेटरची भूमिगत टाकीसुद्धा यात येते, आणि तीच हमखास विसरली जाते. जबाबदारी मालक आणि चालक यांची. टेक्निशियन उशिरा आला, हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

चाचणी कोणी करायची हे राज्य ठरवतं. कॅलिफोर्नियात इंटरनॅशनल कोड कौन्सिलचं टेक्निशियन प्रमाणपत्र लागतं, शिवाय तुमच्याकडे जे उपकरण आहे त्याच कंपनीचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. पहिला कागद सगळे दाखवतात, दुसऱ्याची मुदत संपलेली निघते. झाकण उघडायच्या आधीच दोन्हींच्या प्रती मागून घ्या. नंतर कळलं तर चाचणी पुन्हा करावी लागते आणि बिल तुमच्या गळ्यात पडतं.

आता मुदतीचं. ‘दरवर्षी’ म्हणजे ‘या कॅलेंडर वर्षात कधीतरी’ असं धरून चालू नका. मागची चाचणी १० मार्चला झाली असेल तर पुढची १० मार्च उलटायच्या आत. मोजायचे ते १२ महिने, आणि तेही मागच्या चाचणीच्या तारखेपासून. कॅलिफोर्नियात या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक सरकारी कार्यालयाला किमान ४८ तास आधी कळवावं लागतं आणि रिपोर्ट ३० दिवसांत द्यावा लागतो. हे ३० दिवस चाचणी पूर्ण झाल्यापासून धरतात, रिपोर्ट तुमच्या ईमेलवर आल्यापासून नाही. टेक्निशियनच्या ऑफिसात तीन आठवडे पडून राहिलेल्या रिपोर्टची काळजी कार्यालय करत नाही.

रिपोर्टवर नुसतं ‘सर्व पास’ चालत नाही. संघीय नियमाप्रमाणे तपासलेला प्रत्येक घटक वेगळा लिहायचा, तो निकषात बसतो की दुरुस्ती हवी ते लिहायचं आणि दुरुस्ती केली असेल तर काय केलं तेही लिहायचं. पाच सेन्सर असतील तर पाच ओळी हव्यात. हा कागद तीन वर्षं जपायचा.

प्रत्यक्ष तपासणीत सेन्सरवर सगळ्यात जास्त घोळ होतात. संपमधला (संप म्हणजे पंप आणि पाइपच्या जोडांभोवतीचा बंदिस्त खड्डा) फ्लोट सेन्सर, म्हणजे द्रव चढला की तरंगून अलार्म देणारा सेन्सर, तळाच्या सर्वांत खोल जागी, सरळ उभा हवा. पावसाचं पाणी शिरून अलार्म वाजत राहतो म्हणून कोणीतरी तो वर बांधून ठेवतो. इन्स्पेक्टर झाकण उघडल्यावर आधी तेच बघतो. उपाय पाणी काढण्याचा आणि झाकणाचं सील बदलण्याचा आहे, सेन्सर उचलण्याचा नाही. चाचणीत सेन्सर उलटा करून किंवा द्रवात बुडवून अलार्म वाजवतात. त्या वेळी कंट्रोलरच्या (सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य यंत्राच्या) स्क्रीनवर कोणतं नाव येतं तेही वाचा. डिझेलच्या संपमधला सेन्सर उचलला आणि स्क्रीनवर ‘प्रीमियम’ (पेट्रोलचा प्रकार) आलं, तर अलार्म वाजूनही काम अपुरंच आहे.

प्रोब, म्हणजे टाकीतली पातळी मोजणारा दांडा, राइझरमधून (टाकीवरच्या उभ्या पाइपमधून) बाहेर काढून दांडा वाकलाय का, फ्लोटवर चिकटा साचलाय का, फ्लोट मोकळे सरकतात का आणि दिसणाऱ्या केबलला पीळ किंवा तुटलेली जागा आहे का, हे पाहतात. टाकीत आधी पेट्रोल होतं आणि आता डिझेल भरता, तर फ्लोट डिझेलचेच हवेत आणि सेटिंगही बदलायला हवं. कंट्रोलरमध्ये औष्णिक गुणांक (तापमानाने इंधन किती फुगतं तो आकडा) पेट्रोलसाठी साधारण ०.०००७० तर डिझेलसाठी ०.०००४५ (दर अंश फॅरेनहाइट) असतो. जुना आकडा तसाच राहिला तर टाकीच्या गळती-चाचणीचा हिशेब चुकतो. म्हणून सेटअपचा प्रिंटआउट रिपोर्टला जोडा. बॅकअप बॅटरी तपासताना वीज बंद करून पुन्हा सुरू करतात. बॅटरी संपलेली असेल तर सगळं प्रोग्रॅमिंग उडू शकतं, त्यामुळे हा प्रिंटआउट त्याआधीच काढा.

लाइन लीक डिटेक्टरबाबत, म्हणजे दाबाच्या पाइपमधली गळती पकडणाऱ्या उपकरणाबाबत, गैरसमज फार. कंट्रोलरने छापलेला ‘लाइन टेस्ट पास’ म्हणजे ही चाचणी नव्हे. इथे खोटी गळती मुद्दाम तयार करावी लागते: १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला तासाला ३ गॅलन, म्हणजे मिनिटाला सुमारे १८९ मिलिलिटर. ती डिटेक्टरने तासाभरात पकडली पाहिजे. मोजणी डिस्पेन्सरपाशी (गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्रापाशी) टेस्ट किट लावून होते. नॉझल धरून ‘धार बारीक झाली’ म्हणणं ग्राह्य नाही. आणि दाबाच्या पाइपसाठी वार्षिक लाइन टाइटनेस चाचणी (पाइप कुठे झिरपतो का ते पाहणारी) किंवा मासिक निरीक्षण वेगळं लागतं. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही.

जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे उपकरणाच्या क्षमतेचा पुरावा. यंत्रणा ०.९५ संभाव्यतेने गळती पकडते आणि खोट्या अलार्मची संभाव्यता ०.०५ पेक्षा जास्त नाही, हे दाखवणारा दस्तऐवज बसवल्यापासून पाच वर्षं ठेवायचा असतो. स्टेशन विकत घेतलं की जुना मालक किल्ल्या देतो, फाइल देत नाही. अशा वेळी कंट्रोलर आणि प्रोबवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि नॅशनल वर्क ग्रुप ऑन लीक डिटेक्शन इव्हॅल्युएशन्सच्या यादीत तो शोधा. नोंद सापडली की सुटलो, असं मात्र नाही. टाकीची कमाल क्षमता, चाचणीवेळी ती किती भरलेली हवी आणि सायफनने जोडलेल्या टाक्यांना ती पद्धत चालते का, हे त्याच नोंदीत वाचा. यादीत नाव असणं म्हणजे सरकारी मंजुरी नव्हे.

स्पिल बकेटची (टाकी भरताना सांडलेलं इंधन धरणाऱ्या भांड्याची) आणि निरीक्षणासाठी वापरलेल्या संपची दर तीन वर्षांची चाचणी स्वतंत्र आहे. तिचा कागद इथे जोडून उपयोग नाही.

चाचणीत वाजलेले अलार्म कंट्रोलरच्या इतिहासात राहतात. त्या प्रिंटआउटवर ‘चाचणीचा अलार्म’, तारीख आणि टेक्निशियनचं नाव लगेच लिहा. सहा महिन्यांनी इन्स्पेक्टरने त्यावर बोट ठेवलं तर कुणालाच काही आठवत नाही. जो अलार्म चाचणीचा नव्हता तो मात्र त्यात मिसळून लपवू नका. उपकरणच बिघडलंय हे सिद्ध करून ते तत्काळ दुरुस्त केलं आणि पुढच्या निरीक्षणात गळती दिसली नाही, किंवा अलार्म गळतीचा नव्हताच हे तपासून ठरलं, तर तो कळवण्यातून सूट मिळते. अशी सूट लागू नसेल तर गळतीचा संशय २४ तासांत कार्यालयाला कळवावा लागतो आणि ७ दिवसांत तपास करावा लागतो.