ताम्रनाणी, पोर्तुगीज गोव्याची : संग्रह व निश्चिती

पोर्तुगीज अमदानीतील (१५१०–१९६१) तांब्याच्या नाण्यांचा संग्रह हे गोव्यातील नाणकशास्त्राचे सर्वांत अवघड अंग होय. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्येच टांकसाळ उभारून सोन्याचांदीबरोबर लेआल व दिन्येरू ही तांब्याची नाणी पाडली. अस्सल लेआल क्वचितच हाती येतो. संग्राहकाचा खरा संबंध येतो तो बझारूकशी.

बझारूक हे बाजारातले खुर्द्याचे नाणे. साधारणपणे ७५ बझारूकांचा एक तांगा (त्यावरचे मोठे चलन), म्हणजे ६० रेइश (पोर्तुगीज हिशेबाचे लहान एकक), होई. तांब्याखेरीज ते कथील, शिसे व तुतनाग (जस्तयुक्त धातू) यांतही पाडले जाई. बहुतेकांवर साल नाही. गोवा २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या दिवशी, जिंकला गेला म्हणून काही प्रकारांवर तिचे चिन्ह असलेले चक्र आढळते. इतरांवर मुकुटांकित ढालीच्या दोन्ही बाजूंस गोव्याची ‘जी’ व ‘ए’ ही अक्षरे दिसतात. मात्र चकती ठशापेक्षा लहान असल्यास कडेचे अक्षर कापले जाते आणि गोवा की दीव, हा प्रश्न उरतो. जेर्सन द कुन्य या मूळच्या गोव्याच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात ही नाणी राजांच्या कारकिर्दींनुसार लावली. तो क्रम आजही उपयोगी आहे. परंतु राजाचे नाव नसलेल्या नाण्यांबाबत धातू, अक्षरे आणि सापडल्याची जागा यांवरून ठरवणे अधिक सुरक्षित वाटते. म्हणून नाणे कोणत्या गावी, कशाबरोबर मिळाले ही टिपण त्याच्या चकाकीपेक्षा मोलाची. चिंच-मिठाने घासलेला बझारूक अभ्यासाला जवळजवळ निकामी होतो, कारण काळसर थराबरोबर उथळ छापही जातो.

पुढची नाणी सोपी आहेत. १८७१ पासून १६ तांग्यांचा (९६० रेइश) एक रुपया ठरला. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारानंतर पाव व अष्टमांश तांगा कोलकात्याच्या टांकसाळीत पडले. त्यांवर पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याचा मुखवटा व १८८१ पासूनची साले आहेत. तांगा आण्याच्या बरोबरीचा असल्याने पाव तांगा म्हणजे ब्रिटिश पाव आणाच. पुढचा राजा कार्लुश पहिला याची नाणी १९०१ व १९०३ ची. १९३४ मध्ये काशाचा तांगा आला, आणि १९५८ मध्ये एस्कुदो (पोर्तुगालचे चलन) पद्धती.

शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.